एक माणूस कमी: बोटीवरच्या रिसेप्शनचं प्रकरण

पार्श्वभूमी

लग्न आधीच पार पडलं होतं. महिन्याभराने रिसेप्शन करायचं आणि ते बोटीवर करायचं, ही दोघांची हौस होती. समारंभाची आखणी माझ्याकडे होती. या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, गाव आणि काही खुणा गाळल्या आहेत. आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत, कारण या प्रकरणात जे घडलं ते आकड्यांमुळेच घडलं.

बोट दुमजली होती. खालचा डेक बंदिस्त, वरचा उघडा. ती खाडीच्या मुखाजवळ एका तरंगत्या धक्क्याला लागायची. काठावरून या धक्क्यावर उतरायला बारा मीटर लांबीचा रॅम्प होता. काठावर मांडव घालता येईल एवढी मोकळी जागा होती, आणि पुढे तीच कामाला आली.

बोट पाहिली, आवडली आणि ठरवली. मालकाच्या माहितीपत्रकात ‘क्षमता १२०’ असं छापलेलं होतं. नवरीच्या वडिलांनी तेवढं वाचून आमंत्रणं पाठवली आणि ११२ जणांनी येतो म्हणून कळवलं. वधू-वर त्यातच धरलेले होते. आठ जागा शिल्लक राहतात म्हणून घरात सगळे निश्चिंत होते.

अडचण

समारंभाला तेवीस दिवस उरले असताना मी कॅप्टनना भेटायला गेले. सजावटीचे खिळे कुठे ठोकता येतील एवढंच विचारायचं होतं. त्यांनी केबिनच्या भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे १२० म्हणजे पाहुणे नव्हेत. बोटीवर श्वास घेणारं प्रत्येक माणूस. मी धरून.”

तिथेच बाकावर बसून मी हिशेब मांडला. कॅप्टन धरून बोटीची माणसं चार, वाढपी आठ, वादक चार, फोटोवाले दोन, सजावटीचा एक आणि मी. झाले वीस. मग त्यांनी विचारलं, “लहान मुलं?” पाच वर्षांखालची सात मुलं आम्ही यादीत धरलीच नव्हती. मांडीवर बसतील, त्यांना कुठे खुर्ची लागते, असा विचार होता. पण बोट खुर्च्या मोजत नाही. एकूण आकडा आला १३९. एकोणीस जास्त.

बाकीच्या अडचणी त्याच भेटीत एकामागून एक बाहेर आल्या. वरच्या डेकवर एका वेळी चाळीसच माणसं चालणार होती, आणि नाच तर वरच ठरला होता. बोटीवर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट बाराच होती. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या प्रवासी जहाजांवर सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवाशांच्या किमान १० टक्के इतकी मुलांची जॅकेट लागतात, आणि मुलं त्याहून जास्त असतील तर प्रत्येक मुलामागे एक. त्या हिशेबाने आम्हाला सोळा जॅकेट हवी होती, कारण मोठी मुलं धरून मुलं सोळा होती. शिवाय नवऱ्याची आजी व्हीलचेअरवर होती, आणि रॅम्पचा उतार भरती-ओहोटीबरोबर बदलत होता.

वरच्या डेकचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरातल्या कोणाला ते पटत नव्हतं. “खाली ऐंशी माणसं चालतात, मग वर का नाही?” माणसामागे ७५ किलो धरले तर चाळीस माणसं म्हणजे तीन टन. तेवढं वजन खालून अडीच मीटर वर नेलं की सगळ्या बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. बोट एका बाजूला कलते तेव्हा त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी तिला उलट ढकलून सरळ करतं. गुरुत्वमध्य जितका वर, तितका हा सरळ होण्याचा जोर कमी. त्यात वरची माणसं एकाच कठड्याशी गोळा झाली, तर कलणं आणि सरळ न होणं दोन्ही एकदम घडतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कोणी उघड बोललं नाही, पण दोनतीनदा सूचकपणे आला: काही न सांगता सगळ्यांना चढवायचं. “एवढं कोण मोजतंय, ताई?” असं नवरीच्या भावाने मला फोनवर विचारलं. त्याला मी दोन घटना सांगितल्या. २००४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरच्या बंदरात लेडी डी नावाची छोटी टॅक्सी-बोट वाऱ्याच्या झोतात उलटली आणि पाच माणसं गेली. तिच्यावर पंचवीस माणसं होती आणि परवानगीही पंचविसाचीच होती. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर ईथन ॲलन ही सहलीची बोट उलटून वीस प्रवासी मरण पावले. या बोटींची क्षमता ठरवताना माणसाचं वजन १४० पौंड, म्हणजे साधारण ६३ किलो, धरलं जायचं. प्रत्यक्षात माणसं त्याहून जड होती. नंतर अमेरिकेने हा आकडा १८५ पौंडांवर, म्हणजे ८४ किलोंवर नेला. आकडा पाळूनसुद्धा जिथे असं घडतं, तिथे एकोणीस माणसं जादा चढवायची मी तयारी दाखवणार नव्हते. त्याने पुन्हा विचारलं नाही.

दुसरा, मोठी बोट. त्या संध्याकाळी एक मोकळी होती, पण तिला लागणारं पाणी ओहोटीत त्या धक्क्याशी राहत नव्हतं.

तिसरा पर्याय नवरीच्या वडिलांचा, मी त्यांना काका म्हणते. “बोट हलवूच नका. बांधलेलीच ठेवा. मग तर काही भीती नाही ना?” ऐकायला बरोबर वाटतं. मलाही क्षणभर वाटलं. पण कॅप्टन म्हणाले, बांधली म्हणून आकडा वाढत नाही. १९१५ च्या २४ जुलैला शिकागो नदीत ईस्टलँड हे सहलीचं जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच आडवं झालं आणि ८४४ माणसं मेली. जहाज आधीच डळमळीत होतं. टायटॅनिकच्या अपघातानंतर आलेल्या नियमांमुळे जादा लाइफबोटी वर चढवल्या होत्या, त्या वजनाने त्यात भर पडली. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे जीव वाचवायच्या बोटींनीच बुडवलं.”

चौथा, काहींना ‘येऊ नका’ म्हणून कळवायचं. हा त्यांनी ऐकूनच घेतला नाही आणि मीही रेटला नाही.

पाचवा, मांडव काठावर घालायचा, जेवण तिथेच ठेवायचं आणि बोटीच्या दोन फेऱ्या करायच्या. वधू-वर दोन्ही फेऱ्यांना बोटीवर. काकांना हे सुरुवातीला अजिबात रुचलं नाही. सगळे एकत्र नसतील तर समारंभ कसला, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. निर्णय शेवटी नवरीने घेतला. “बाबा, एकत्र तर मांडवात असूच. बोटीवर मला प्रत्येकाशी बोलता येईल.”

काय ठरलं

जेवण काठावर गेल्याने बोटीवर तीन वाढपी पुरले. वादक चारांचे दोन झाले, फोटोवाला एक, बोटीचे चार आणि मी. म्हणजे अकरा. वधू-वर सोडून ११७ पाहुणे उरले, त्यांच्यातले ४९ पहिल्या फेरीला आणि ६८ दुसरीला. पहिलीत म्हातारी माणसं आणि मुलांची कुटुंबं, दुसरीत मित्रमंडळी. मुलांसाठी चार जॅकेट दुसऱ्या बोटीवरून मागवली.

फेऱ्यांच्या वेळा भरतीने ठरवल्या. त्या दिवशी पूर्ण भरती दुपारी चारला होती, ओहोटी रात्री दहाच्या सुमारास, आणि पाण्याच्या पातळीतला फरक तीन मीटर. भरतीलाच रॅम्प ८० सेंटिमीटर खाली उतरत होता. खलाशांचा बाराव्या हिश्श्याचा एक जुना हिशेब आहे: पहिल्या तासात पाणी एकूण फरकाच्या बाराव्या हिश्श्याने उतरतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे सहापर्यंत जेमतेम पाऊण मीटर, आणि सहा ते आठ या दोन तासांत एकदम दीड मीटर. व्हीलचेअरला एकास बारा, म्हणजे बारा मीटरला एक मीटर, हा उतार सोसवतो. चारच्या सुमारास आमचा एकास पंधरा होता, पावणेसहाला साधारण एकास आठ, म्हणजे खुर्ची दोघांनी धरून नेता येईल एवढा, आणि आठला एकास चार होणार होता. आजींनी सव्वाचारला चढायचं आणि पावणेसहाला उतरायचं हे त्यावरून पक्कं झालं.

वाऱ्याची मर्यादा करारात लिहून घेतली: सलग १७ नॉट, म्हणजे ताशी ३१ किलोमीटर, वारा असेल तर बोट धक्का सोडणार नाही आणि दुसरी फेरी बांधलेल्या बोटीवर होईल. वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापनात इथून पाचवा अंक सुरू होतो. वाटेत परतायचं की नाही, हे फक्त कॅप्टन ठरवणार. हे वाक्य माझ्या आग्रहाने घातलं होतं.

सजावटीत कॅप्टननी दोन गोष्टी काढायला लावल्या. कठड्याला गुंडाळलेलं कापड, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो आणि कापड म्हणजे शीडच. आणि रंगीत दिव्यांच्या माळेतले लाल व हिरवे दिवे. रात्री डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा पाहूनच समोरची बोट आपली दिशा ओळखते. सजावटवाल्या मुलाने ते दिवे एकेक करून कागदी टेपने झाकले. माळ पिवळी-पांढरी उरली आणि छान दिसली. उघडी ज्योत नको आणि पाण्यात काही फेकायचं नाही, यावर वाद झालाच नाही.

मोजणीसाठी दोन रंगांची कार्डं केली. चढताना कार्ड पेटीत टाकायचं. माझ्या हातात मोजायचं यंत्र, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे जातो.

त्या संध्याकाळी

पहिली फेरी जशी आखली तशी झाली. आजींची खुर्ची नातवाने मागून आणि एका खलाशाने पुढून धरली. खालच्या डेकच्या मधोमध, जिथे हेलकावे सगळ्यात कमी लागतात, तिथे त्यांना बसवलं. मोठ्या खिडकीतून त्या काठाकडे बघत राहिल्या. उतरताना नातसुनेचा हात धरून म्हणाल्या, “पाण्यावरून घर केवढंसं दिसतं गं.” ४९ चढले, ४९ उतरले.

दुसऱ्या फेरीआधी, पावणेसातला, वारा पंधरा नॉटवर होता. अंदाजात सातनंतर वाढ दाखवली होती. हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. मर्यादा ओलांडलेली नव्हती, पण वाऱ्याचा कल वरच होता. कॅप्टन म्हणाले, “जाऊ, पण मुखाबाहेर नाही.” मला तेव्हा ते पटलं. आज वाटतं की करारात नुसता वारा नव्हे, पुढच्या दोन तासांचा अंदाजही घालायला हवा होता.

तीन पाहुणे आलेच नव्हते. पेटीत ६५ कार्डं, यंत्रावर ६५. कॅप्टननी विचारलं, “किती?” मी म्हणाले, “पासष्ट.” दोर सुटले.

साडेसातच्या पुढे फोटोवाल्याने सगळ्यांना वर बोलावलं. मागे काठावरचे दिवे लागले होते आणि त्याला सगळा गट त्यांच्यापुढे हवा होता. जिन्याशी उभं केलेल्या खलाशाला नेमकं तेव्हाच खाली बोलावलं होतं, कारण एकीला बोट लागली होती. मी वर पोचले तेव्हा पन्नासच्या वर माणसं उजव्या कठड्याला खेटून उभी होती. म्हणजे पावणेचार टन, सगळे एका बाजूला. तेवढ्यात डावीकडून झोत आला. बोट उजवीकडे कलली आणि लगेच सरळ झाली नाही. थांबली. टेबलावरचे ग्लास आधी हळू आणि मग एकदम घसरत गेले. हसणं बंद पडलं. एका बाईंचा पाय मुरगळला.

कॅप्टननी वेग कमी केला, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवली आणि ध्वनिक्षेपकावरून शांत आवाजात सांगितलं, “निम्म्यांनी खाली या. घाई नको. आधी जिन्याजवळचे.” एकदम डावीकडे पळा असं ते म्हणाले नाहीत. पन्नास माणसं धावत पलीकडे गेली असती तर बोट तेवढीच दुसरीकडे कलली असती. तीन मिनिटांत वरचा डेक निम्मा रिकामा झाला आणि त्यांनी परत फिरायचं जाहीर केलं, ठरल्यापेक्षा पंचवीस मिनिटं आधी. नवरीचा भाऊ केबिनच्या दाराशी गेला. “पूर्ण वेळेचे पैसे भरलेत आम्ही.” मी त्याला करारातलं वाक्य आठवून दिलं. तो काही न बोलता मागे वळला आणि पाय मुरगळलेल्या बाईंना खुर्ची आणायला गेला.

सात पन्नासला बोट धक्क्याला लागली. रॅम्प खूप उतरता झाला होता, म्हणून एकेकाला हात देत वर चढवलं. शेवटचा माणूस गेला आणि मी यंत्राकडे पाहिलं. चौसष्ट.

पुन्हा बोट पाहिली. दोन्ही डेक, स्वच्छतागृह, इंजिनाची खोली. कोणी नाही. रॅम्पच्या टोकाशी एक बाई थांबल्या होत्या. “हे कुठे आहेत? मला वाटलं वर असतील मित्रांबरोबर.” त्यांना बोट लागली होती, पूर्ण वेळ त्या खालीच बसून होत्या. आम्ही त्यांच्या यजमानांना फोन लावला, तर तो त्यांच्याच पर्समध्ये वाजला.

तो आवाज मी विसरलेली नाही.

कॅप्टननी रेडिओ हातात घेतला. मी म्हणाले, “पाच मिनिटं थांबू या, मांडवात असतील.” एका खलाशाने शोधदिवा पाण्यावर फिरवायला घेतला. मांडवात नव्हते. सहाव्या मिनिटाला कॅप्टननी माझ्याकडे न पाहता चॅनल १६ वर, जो समुद्रावर संकटाच्या हाकेसाठी राखलेला असतो, कॉल दिला. अकराव्या मिनिटाला नवऱ्याचा एक भाऊ धावत आला. गृहस्थ गाडीत होते. कार्ड पेटीत टाकून, बोटीवर पाय ठेवून झाल्यावर त्यांना बायकोची औषधं गाडीत राहिल्याचं आठवलं. ते मागच्या बाजूने उतरले. येईपर्यंत बोट निघाली होती. वाऱ्यात उभं राहण्यापेक्षा ते गाडीत बसले आणि त्यांचा डोळा लागला. कॅप्टननी कॉल मागे घेतला. पलीकडून कोणी रागावलं नाही, फक्त “सगळे सुखरूप ना?” एवढंच विचारलं.

परिणाम

कोणाला मोठी इजा झाली नाही. उरलेला नाच बांधलेल्या बोटीच्या खालच्या डेकवर झाला, चाळीसच्या आत माणसं ठेवून, आणि सगळे सांगतात की तोच भाग सगळ्यात रंगला. काका रात्री उशिरा मला म्हणाले, “सगळे एकत्र मांडवात जेवले, ते बरं झालं.” त्या बाई आणि त्यांचे यजमान मात्र जेवणाला थांबले नाहीत.

आज पुन्हा करायचं झालं तर

फोटोवाल्याला मी आधी भेटले होते, पण वरच्या डेकची मर्यादा त्याला सांगितली नव्हती. ती घरच्यांना, वाढप्यांना, वादकांना सांगितली होती. ज्याच्या एका हाकेवर पन्नास माणसं हलतात, तोच राहिला. आता गटाचा फोटो धक्क्यावर, चढण्याआधी काढते. जिन्याचा खलाशी कुठल्याही कारणाने हलत नाही. कोणाला बोट लागली तर तिच्याकडे मी जाते.

पाच मिनिटं थांबू या, हे माझं म्हणणं चुकीचं होतं. तो माणूस खरंच पाण्यात असता, तर ती पहिली सहा मिनिटं त्याचीच होती आणि ती मी मागितली. अंधारात पाण्यावर माणसाचं नुसतं डोकं दिसतं, तेही लाटांमधून. समारंभाचा विरस होईल, उगाच गाजावाजा होईल, ही भीती मला त्या क्षणी खरी वाटली. आकडा जुळला नाही की लगेच कॉल, हे आता करारातच लिहिलेलं असतं, म्हणजे त्या क्षणी कोणी माझ्यासारखं आड येत नाही.

आणि मोजणी. “किती?” या प्रश्नाला मी पासष्ट म्हणाले तेव्हा मी कार्डं सांगितली होती, माणसं नव्हे. मी फक्त चढणारे मोजले. उतरायची वाट उघडीच होती. आता फाटक लावल्यावर, दोर सोडण्याआधी, दोघंजण वेगवेगळे बोटीवर फिरून डोकी मोजतात आणि दोघांचे आकडे जुळल्याशिवाय कॅप्टनना उत्तर जात नाही. याला सहा-सात मिनिटं लागतात, आणि पाहुणे कुरकुरतात.

त्या गृहस्थांना मी आठवड्याने फोन केला. माफी मागायची होती, पण तेच ओशाळलेले होते. मी विचारलं, उतरताना कोणाला सांगितलं का नाही? ते म्हणाले, “कोणाला सांगायचं असतं, हेच माहीत नव्हतं हो.” खरंच, आम्ही ते कुठेच सांगितलं नव्हतं. आता चढल्यावरच्या सूचनेत लाइफ जॅकेटच्याही आधी ते सांगते: निळा पट्टा बांधलेला हा माणूस फाटकाशी उभा आहे, उतरायचं असेल तर आधी याला सांगा.